एम ८३ : दक्षिण आकाशातील सर्पिल दीर्घिकेचे छायाचित्रण, हंगाम २०२५ च्या प्रकल्प नोंदी

२२ फेब्रुवारी २०२५, नागपूर

या हंगामात एम ८३ ही एकच दीर्घिका घ्यायची आणि आतापासून मेपर्यंतच्या अमावास्यांच्या रात्री तिलाच द्यायच्या, असे ठरवले आहे. वासुकीच्या शेपटाकडे, नरतुरंगाच्या सीमेलगत असलेली ही दीर्घिका सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिची प्रत (तेजाचे माप, आकडा लहान तितके तेज जास्त) ७.५ च्या आसपास असून आकाशातील विस्तार साधारण १३ कला बाय ११ कला आहे (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). तिची तबकडी आपल्याला जवळजवळ समोरून दिसते. त्यामुळे मधला पिवळसर दांडा, त्याच्या टोकांपासून वळत गेलेल्या भुजा, भुजांच्या आतल्या कडेने जाणारे धुळीचे पट्टे आणि नव्या ताऱ्यांच्या जन्मस्थानांचे गुलाबी ठिपके, एवढे सगळे आठ इंची दुर्बिणीच्या आवाक्यात येते.

इतक्या तेजस्वी दीर्घिकेची उत्तर गोलार्धातून काढलेली उत्तम चित्रे त्या मानाने थोडी आहेत, कारण तिची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, उणे ३० अंशांच्या जवळ आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय याने ती १७५२ मध्ये केप ऑफ गुड होपहून पाहिली. तिथे ती जवळपास डोक्यावर येते. मेसिएने १७८१ मध्ये पॅरिसहून तिला आपल्या यादीत घेतले (‘एम’ हे त्याचेच आद्याक्षर), आणि तिथून ती क्षितिजाच्या वर जेमतेम ११ अंश चढते. आज तिची नावाजलेली हौशी चित्रे बहुतेक ऑस्ट्रेलिया, चिली किंवा नामिबियातली असतात. विदर्भातून ती ३९ अंशांपर्यंत येते. ही उंची ऑस्ट्रेलियातल्या निरीक्षकाला हिणकस वाटेल, तर युरोपातल्या निरीक्षकाला हेवा वाटावा अशी आहे.

साधने जुनीच आहेत. २०० मिलिमीटर व्यासाची आणि ८०० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटनीय दुर्बीण, कडेचे तारे गोल ठेवणारे भिंग (कोमा करेक्टर), आयएमएक्स ५७१ संवेदकाचा थंड करता येणारा रंगीत कॅमेरा, आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवणारा विषुववृत्तीय माउंट आणि त्याचा माग अचूक ठेवणारी छोटी गाइड दुर्बीण. पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असल्याने एका पिक्सेलमध्ये ०.९७ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आकाश येते आणि दीर्घिका चित्रात सुमारे ८०० पिक्सेल रुंद पडते. तिच्या अंतरावर एक विकला म्हणजे सत्तरेक प्रकाशवर्षे होतात. तेव्हा आपल्या हवेत तीन विकलांचा झालेला तारा दोनशे प्रकाशवर्षांचा तपशील पुसून टाकतो, हे आधीच गृहीत धरलेले बरे.

खरा प्रश्न जागेचा आहे. अंधार सांगताना आपण बहुधा खस्वस्तिकाजवळचा, म्हणजे थेट डोक्यावरचा, आकडा सांगतो, पण एम ८३ तिथे कधीच जात नाही. ती दक्षिणेला, ३९ अंशांवर, मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडते. ३० अंशांच्या वर ती रात्रीतून सुमारे साडेचार तास असते आणि ३५ अंशांच्या वर जेमतेम तीन. त्यामुळे यंदा दोन जागांची मोजून तुलना करायची आहे. एक पेंच, नागपूरच्या उत्तरेला. दुसरी नागभीडच्या अलीकडची, शहराच्या आग्नेयेला.

१ मार्च २०२५, पेंचच्या बफर क्षेत्रालगतचे गाव

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेले हे देशातील पहिले ठिकाण आहे आणि डोक्यावरचे आकाश पाहिले की त्याबद्दल शंका उरत नाही. सप्तर्षी, सिंह, कन्या या भागातल्या दीर्घिकांसाठी नागपूरकरांना याहून चांगली जागा एका संध्याकाळच्या प्रवासात मिळणार नाही.

काल रात्री एम ८३ सव्वाच्या सुमारास ३० अंशांवर आली, ३ वाजून १५ मिनिटांच्या आसपास मध्यमंडलावर पोहोचली, आणि सव्वापाचनंतर संधिप्रकाशाने काम थांबवले. प्रत्येकी १२० सेकंदांच्या फ्रेम घेतल्या. दक्षिण क्षितिजावर नागपूरचा उजेड घुमटासारखा दिसत होता. डोळ्यांना तो १५ अंशांच्या आसपास संपल्यासारखा वाटतो, परंतु कॅमेऱ्याला तो तिथे संपलेला दिसत नाही. प्रत्येक फ्रेमची क्षितिजाकडची कड वरच्या कडेपेक्षा स्पष्टपणे उजळ होती.

हा फरक आकाशाचा की उपकरणाचा, हे मध्यमंडल ओलांडल्यावर लगेच कळते. तेव्हा दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला फिरवावी लागते आणि कॅमेरा आकाशाच्या संदर्भात उलटा होतो. नळीत कुठे आडवा प्रकाश शिरत असेल किंवा फ्लॅट (एकसारख्या उजेडाची सुधारणा-फ्रेम) नीट जुळत नसेल, तर उजळपणा कच्च्या फ्रेममध्ये त्याच कडेला राहतो. दोष आकाशाचा असेल तर तो विरुद्ध कडेला जातो. इथे तो विरुद्ध कडेला गेला. मधे थोडा वेळ दुर्बीण उत्तरेकडे, त्याच उंचीवर वळवून काही नियंत्रण फ्रेमही घेतल्या आहेत.

५ मार्च २०२५, नागपूर

फ्रेम मोजल्या. पेंचहून दक्षिणेला ३८-३९ अंशांवरची पार्श्वभूमी उत्तरेला त्याच उंचीवरच्या पार्श्वभूमीच्या सुमारे १.८ पट निघाली.

शहराच्या दिशेने ४५ अंशांवर कृत्रिम उजेड किती वाढतो, यासाठी मर्ल वॉकर यांचा १९७० च्या दशकातला एक जुना ठोकताळा आहे. लोकसंख्येचा शंभरावा भाग घ्यायचा आणि किलोमीटरमधील अंतराच्या अडीचाव्या घाताने त्याला भागायचे. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूरची लोकसंख्या सुमारे २४ लाख आहे. सरळ रेषेतले अंतर पन्नासेक किलोमीटर धरले तर उत्तर १.३ ते १.४ येते, म्हणजे नैसर्गिक आकाशाच्या उजेडात आणखी तेवढी भर पडते आणि एकूण आकाश दुपटीहून उजळ होते. ठोकताळा जुन्या दिव्यांच्या काळातला आहे आणि उत्तरेचे आकाशही पूर्ण नैसर्गिक नाही, हे लक्षात घेता माझे १.८ त्याच्याशी विसंगत नाही. महत्त्वाची गोष्ट अडीचाव्या घाताची आहे. अंतर पन्नासावरून सत्तरवर नेले की भर निम्म्याहून कमी होते. पण शहर पाठीशी घेतले, तर त्याच अंतरावर ती समोरच्या आकाशातून जवळजवळ निघूनच जाते.

याचा वेळेशी थेट संबंध आहे. १२० सेकंदांच्या फ्रेममध्ये आकाशाच्या उजेडाचा गोंगाट (अनियमित चढउतार) कॅमेऱ्याच्या वाचन-गोंगाटापेक्षा, म्हणजे फ्रेम वाचताना पडणाऱ्या भरीपेक्षा, कितीतरी जास्त असतो. अशा स्थितीत पार्श्वभूमी दुप्पट झाली की मंद भुजांसाठी तेवढाच दर्जा मिळवायला वेळही दुप्पट लागतो. एम ८३ ला रात्रीतून साडेचार तासच मिळत असतील, तर पेंचला त्यातले अर्धे शहराला द्यावे लागतात.

२९ मार्च २०२५, नागभीडच्या अलीकडे

कालची रात्र या जागेवरची पहिली. आजूबाजूला धानाच्या बांध्या आहेत आणि ज्यांच्या शेतात बसलो आहोत त्या काकांनी उन्हाळी धान न लावल्याने जमीन कोरडी आहे. शेजारच्या बांधीत मात्र पाणी असल्यामुळे डासांची सोय उत्तम आहे. काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात आणि तिपाईचा एक पाय अर्धा मिलिमीटर खचला तरी ध्रुवरोख (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असणे) बिघडतो. म्हणून तिन्ही पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले. या अक्षांशावर ध्रुवतारा २१ अंशांपेक्षा खालीच असतो, त्यात उत्तरेला नागपूरचा उजेड आणि झाडांची रांग. ध्रुवरोख साधायला दक्षिणेपेक्षा उत्तर दिशाच जास्त वेळ घेते. शहर पाठीशी घेण्याची ही एवढी किंमत आहे आणि ती आनंदाने द्यावी.

दक्षिणेला सिंदेवाही, मूल या बाजूला जंगल आहे आणि चंद्रपूर बरेच दूर, नैर्ऋत्येकडे राहते. मध्यरात्रीनंतर एम ८३ मध्यमंडलाजवळ असताना घेतलेल्या फ्रेमची पार्श्वभूमी पेंचच्या तुलनेत निम्म्याच्या जवळ आहे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा उजेडाचा उतारही सौम्य आहे.

पहिल्या तासाभरात मात्र वेगळीच गोष्ट दिसली. हा मोहफुलांचा हंगाम आहे. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि कधी ती आग पसरते. धुराचा थर दक्षिणेला खाली पसरला होता. तो डोळ्यांना दिसत नव्हता, पण चित्रातल्या एकाच ताऱ्याच्या प्रकाशाची मोजणी फ्रेमगणिक कमी होत गेली आणि तिच्यासोबत पार्श्वभूमीही उतरली. शहराजवळ धूर आला की तारे मंदावतात आणि पार्श्वभूमी उजळते, कारण धुराचे कण दिव्यांचा प्रकाश परतवतात. इथे दोन्ही एकदम खाली गेले. खाली परतवण्यासारखा उजेडच नाही, याचा हा मला मिळालेला सर्वात खात्रीचा पुरावा. त्या तासाच्या फ्रेम अर्थात कामाच्या नाहीत.

३० मार्च २०२५

गुढीपाडवा. कालच्या अमावास्येच्या रात्री आकाश स्वच्छ राहिले. पहाटे आवरून घरी पोहोचलो. फ्रेम उतरवून दोन डिस्कवर ठेवल्या आहेत, बाकी काही नाही.

९ एप्रिल २०२५, नागपूर

चंद्र वाढतो आहे, तोवर निवडीचे निकष ठरवले. प्रत्येक फ्रेमसाठी तीन आकडे काढले: दीर्घिकेची उंची, ताऱ्यांची सरासरी रुंदी आणि संदर्भ-ताऱ्यांची मोजणी. ३० अंशांवर प्रकाश खस्वस्तिकाच्या दुप्पट जाडीच्या हवेतून येतो, ३९ अंशांवर सुमारे १.६ पट आणि २५ अंशांवर जवळजवळ २.४ पट. ३२ अंशांच्या खाली ताऱ्यांची रुंदी साडेतीन विकलांच्या पुढे जाते आणि मोजणीही झपाट्याने उतरते, असे दिसले. अशा फ्रेम घातल्या तर एकूण वेळ वाढतो, चित्र मात्र सुधारत नाही. छायाचित्राखाली तासांचा मोठा आकडा लिहिण्याची आपल्याकडे हौस आहे. या दीर्घिकेच्या बाबतीत त्या आकड्यासोबत उंची लिहिली नाही तर तो निरर्थक आहे असे माझे मत झाले आहे.

रंगांचा प्रश्नही उंचीशीच जोडलेला आहे. हवा निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा थोडी जास्त वळवते. ३९ अंशांवर ४०० आणि ७०० नॅनोमीटरच्या प्रकाशात दीड विकलेहून थोडे अधिक अंतर पडते, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात दीड पिक्सेलपेक्षा जास्त. म्हणून ताऱ्यांना वरून निळी आणि खालून तांबडी कड आली आहे. उपाय सोपा आहे. रंगीत फ्रेम तीन रंगांत वेगळ्या करायच्या, प्रत्येक रंगाची स्वतंत्र बेरीज करायची, मग तांबडी आणि निळी हिरव्याशी जुळवून घ्यायची. सिरिल या चित्र-प्रक्रियेच्या संगणक प्रणालीत हे नीट होते. एकेका रंगाच्या आतला विखुर राहतोच, पण कडा गेल्या.

२६ एप्रिल २०२५, नागभीडच्या अलीकडे

या महिन्यात वेळेचे गणित सर्वात अनुकूल आहे. काल दीर्घिका साडेअकराच्या पुढे काही मिनिटांनी मध्यमंडलावर आली. संध्याकाळचा संधिप्रकाश आठच्या आसपास संपतो, त्यामुळे ३० अंशांच्या वरचे सगळे तास पूर्ण अंधारात मिळाले आणि चंद्र पहाटेपर्यंत उगवला नाही.

अडचण उष्म्याची आहे. रात्री दहा वाजता हवा ३३ अंश सेल्सियस होती आणि एक वाजता ३० च्या आसपास. कॅमेऱ्याचे शीतन बाहेरच्या तापमानापेक्षा सुमारे ३५ अंश खाली नेते, म्हणून उणे १० चा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तापमान स्थिर राहिले नाही तर डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेल्या, संवेदकाचा स्वतःचा दोष वजा करण्यासाठीच्या) जुळत नाहीत, आणि न जुळणारी डार्क फ्रेम नसलेलीच बरी. शून्य अंशांवर स्थिर ठेवले. शीतन सुरुवातीला नव्वद टक्क्यांवर चालले आणि मध्यरात्रीनंतर खाली आले. या संवेदकाचा अंधार-प्रवाह शून्य अंशांवरही आकाशाच्या गोंगाटापुढे क्षुल्लक असल्याने चित्राचे नुकसान काही नाही. बॅटरी मात्र हिवाळ्यापेक्षा बरीच लवकर उतरते, त्यामुळे दुसरी जोडून ठेवली होती.

दिवसभर तापलेली नळी रात्री निवत जाते आणि नाभी (फोकस) सरकते. एफ/४ दुर्बिणीला ही सूट परवडत नाही, म्हणून पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर तासाने नाभी तपासली. माउंट फिरवण्याचे काम ऐन मोक्याच्या वेळी, दीर्घिका सर्वात उंच असताना येते. नळी तिपाईला कुठे टेकत नाही हे दिवसा पाहून घेतले होते, म्हणून मध्यमंडलानंतर पाऊण तास तशीच चालू ठेवली आणि नंतर फिरवली. ३८-३९ अंशांवरचा जवळजवळ सगळा वेळ त्यामुळे सलग मिळाला.

२८ एप्रिल २०२५

काल चैत्री अमावास्या. साडेदहापर्यंत चांगल्या फ्रेम, नंतर दक्षिणेकडून ढग आणि वारा. आवरले.

४ मे २०२५, नागपूर

बेरीज पूर्ण केली. निकषांतून उतरलेल्या नागभीडच्या फ्रेमचा एकूण वेळ नऊ तासांच्या थोडा पुढे जातो. पेंचच्या फ्रेम वेगळ्या ठेवून आधी दोन्ही संचांची तुलना केली. दोन्हीकडचे अडीच-अडीच तास घेऊन, समान उंचीच्या फ्रेम निवडून, बाहेरच्या भुजेचा एक ठरावीक तुकडा मोजला. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर नागभीडच्या संचात सुमारे १.३५ पट भरले. पार्श्वभूमी निम्म्याच्या जवळ असेल तर वर्गमुळाच्या हिशेबाने १.४ च्या आसपास यायला हवे, तेव्हा आकडा अपेक्षेला धरून आहे. नंतर पेंचच्या फ्रेम गोंगाटाच्या प्रमाणात कमी भार देऊन मिसळल्या. चित्रात दिसण्यासारखा फरक पडला नाही आणि उतार काढणे मात्र अवघड झाले. अंतिम चित्रातून त्या वगळल्या.

उतार काढताना हात राखून काम केले. एम ८३ ची तबकडी बाहेर हळूहळू विरत जाते आणि संगणकाला तो विरणारा प्रकाशही पार्श्वभूमी वाटू शकतो. दीर्घिकेपासून २० कलांच्या आत एकही नमुना-बिंदू ठेवला नाही आणि पहिल्या घाताचा साधा उतार वजा केला. नागभीडच्या संचाला तेवढे पुरले, यातच जागेच्या निवडीचे बरेचसे श्रेय आहे.

१७ मे २०२५, नागपूर

चित्र तयार आहे. दांड्याच्या दोन्ही बाजूंचे धुळीचे पट्टे केंद्रापर्यंत सलग दिसतात. भुजांवर गुलाबी हायड्रोजन मेघांची माळ आणि तिच्या बाहेरच्या बाजूला निळे तारकापुंज, असा क्रम अनेक ठिकाणी सुटा दिसतो. केंद्राजवळचा तेजस्वी भाग १२० सेकंदांतही भरून गेला नाही, त्यामुळे लहान एक्सपोजरची गरज पडली नाही.

या दीर्घिकेत १९२३ ते १९८३ या साठ वर्षांत सहा सुपरनोव्हा नोंदले गेले. त्यांपैकी १९६८ चा दक्षिण आफ्रिकेतील हौशी निरीक्षक जॅक बेनेट यांनी धूमकेतू शोधताना दुर्बिणीतून थेट डोळ्यांनी टिपला आणि १९८३ चा ऑस्ट्रेलियातील रॉबर्ट इव्हान्स यांनी. १९८३ नंतर तिथे नवा सुपरनोव्हा नोंदवला गेलेला नाही. प्रत्येक रात्रीची बेरीज जुन्या आकाश-सर्वेक्षणाच्या चित्राशी आलटून पालटून पाहिली. नवे काही आढळले नाही. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि एम ८३ चे चित्र घेणाऱ्या प्रत्येकाने ते त्याच सकाळी करावे, महिन्याभराने नव्हे.

दीर्घिकेच्या उत्तरेला एक अत्यंत मंद कंस आहे. डेव्हिड मॅलिन यांनी १९९० च्या दशकात छायाचित्रीय काचांवरून तो उठून दाखवला होता. माझ्या चित्रात चार-चार पिक्सेल एकत्र करूनही तो खात्रीने दिसत नाही. तिथे किंचित उजळपणा आहे, पण उतार वजा करण्याची पद्धत बदलली की तो जागा बदलतो, म्हणून तो मी दिसला असे लिहीत नाही. गॅलेक्स उपग्रहाने २००५ मध्ये दृश्य तबकडीच्या कितीतरी बाहेर अतिनील प्रकाशात दाखवलेल्या तरुण तारकापुंजांपैकी एखादा तरी निळ्या बेरजेत सापडतो का, हे पाहण्याचे काम अर्धे झाले आहे. काही ठिपके त्या जागी आहेत, पण ते पुढचे तारे किंवा मागच्या दीर्घिका नाहीत हे एकेक करून पाहावे लागेल.

पुढच्या हंगामासाठी हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचाच प्रकाश सोडणारा) फिल्टर घ्यायचा आहे आणि त्याची पट्टी निवडताना एक गोष्ट पाहावी लागेल. एम ८३ आपल्यापासून सेकंदाला सुमारे ५१० किलोमीटर वेगाने दूर जात आहे. त्यामुळे ६५६.३ नॅनोमीटरची रेषा ६५७.४ च्या जवळ सरकते. तीन नॅनोमीटर रुंदीच्या फिल्टरची पट्टी ६५७.८ च्या आसपास संपते, आणि एफ/४ च्या तिरप्या किरणांमुळे ती आणखी निळ्या बाजूला सरकते, म्हणजे रेषा अगदी काठावर येते. तेजोमेघांसाठी जो फिल्टर सर्वोत्तम मानला जातो तो इथे निम्मा संकेत गिळू शकतो. सात नॅनोमीटरचा फिल्टर घेतो आहे. त्याच्यासोबत ३०० सेकंदांचे एक्सपोजर लागतील, म्हणून शून्य अंशांच्या नव्या डार्क फ्रेम पावसाळ्यात घरीच घेऊन ठेवायच्या आहेत. पहिले सत्र मार्च २०२६ च्या अमावास्येला, नागभीडच्याच बाजूला.